पुकारा

३ फेब्रुवारी, सोमवार

एकदाची कोर्टात लागली! हे शब्द आईचे. कराडला तिने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला 'मुलगी कोर्टात लागली' एवढंच सांगितलं. कारकून हा शब्द ती सोयीस्कर गिळते. ऐकणाऱ्याला मी न्यायाधीश झाले असं वाटलं तरी तिची हरकत नसावी. पहिलं वर्ष प्रोबेशन आहे, काम बघून मग कायम करणार, हे मात्र तिने कुणालाच सांगितलेलं नाही.

राहायला लालबागला, लक्ष्मीकाकूंकडे. मालवणकडच्या. काका गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दुबईत. चाळीतली एकच खोली, पण पोटमाळा सगळा माझा. खाली मिरच्या कुटायचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी गजर लावावा लागत नाही, शिंकतच जाग येते. काकूंनी पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकले. ओले केस घेऊन गॅलरीत उभं राहायचं नाही. आणि तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. "तिसरी हाक मारूक तेंका जमणा नाय गो बाय," म्हणाल्या. तेंका म्हणजे कुणाला ते मी विचारलं नाही. हसू दाबण्यातच माझा वेळ गेला.

आमचं कोर्ट फक्त वाहतुकीच्या खटल्यांचं. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, एकेरी रस्त्यात उलटा शिरला, असली पापं. मला रेकॉर्ड रूम मिळालीय. वरिष्ठ हितेंद्र सर, हळू आवाजात खूप बोलणारे. त्यांनी एक फाइल उघडून सगळं समजावलं. पाठीवर खटल्याचा नंबर आणि साल. आत पोलिसाचा मूळ कागद, त्यावर जागा, वेळ आणि पकडलेल्याची सही. मग आरोपीची कबुली. मग रोजनामा, म्हणजे कोर्टात त्या त्या तारखेला काय घडलं त्याची नोंद. कॉम्प्युटरवर नुसतं नाव, नंबर आणि 'दंड भरला' एवढंच दिसतं, खरी गोष्ट कागदावर. आणखीही काही सांगत होते, पण तेवढ्यात आईचा मेसेज आला.

सगळ्यात मजा पुकाऱ्याची. आनंदा शेलार नावाचे शिपाई आहेत, ते पॅसेजमध्ये उभे राहून आरोपीचं नाव पुकारतात. बापाच्या नावासकट, तीनदा, एकाच सुरात, शेवटचं अक्षर थोडं लांबवून. तिसऱ्या पुकाऱ्याला आला नाही तर रोजनाम्यात 'गैरहजर', आणि पुढे वॉरंट. आत गेलेला माणूस साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'कबूल, कबूल' म्हणून मोकळा होतो. गुन्हा कबूल करणं इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभरात मी रेकॉर्ड रूमचं रूप पालटलं. मुदत संपलेल्या किरकोळ फाइली बाजूला काढून नष्ट करायला पाठवायच्या, हे काम गेल्या दिवाळीपासून पडून होतं. मी पदर खोचला (ओढणी, पण वाक्य पदराचंच आहे) आणि २०१९ पर्यंतचे सगळे गठ्ठे गोण्यांत भरून टाकले. सरांनी विचारलं, नीट बघून घेतलंत ना? मी म्हटलं, हो. त्यांनी यादीवर सही केली, आनंदांनी गोण्या शिवून सील केल्या आणि मागच्या व्हरांड्यात रचल्या. बुधवारी गाडी येऊन नेणार, पुढे त्यांचा भुगा.

लोक काय काय शोधायला येतात! आज हिंदमाताचा एक साडीवाला आला. विकून टाकलेल्या स्कूटरवर अजून त्याच्याच नावाने खटले येतात. त्याला फाइल काढून दिली, कुठला कागद काय सांगतो ते समजावलं, तर बिचारा म्हणाला, लग्नाला या दुकानात, शालू मी बघून देतो. मला इथे आवडतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज अप्पा तोरसकर आले. वरळीच्या बीडीडी चाळीत राहतात, सत्तरीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ज. त्यांनी सगळं सावकाश सांगितलं.

त्यांचा मुलगा स्वप्नील एकाचा टेम्पो चालवायचा. २०१९ मध्ये एका दुपारी त्या टेम्पोखाली हिंदमाताला एक माणूस गेला. टेम्पो मालकाचा पुतण्या चालवत होता, पण पोलिसांत नाव लावलं ते स्वप्नीलचं. पहिल्या वकिलाने इतकी वर्षं नुसत्या तारखा घेतल्या. आता नव्या वकीलबाईंनी विचारलं, त्या वेळी तू होतास कुठे? तेव्हा त्याला आठवलं. तो गिरगावात होता. मित्राच्या मोटरसायकलवरून एकेरी रस्त्यात उलटा शिरला म्हणून हवालदाराने धरलं होतं. त्याच दुपारी, त्याच वेळेला. तो खटला आमच्याकडे चालला. मध्ये कोविड आला, म्हणून कबुली दिली ती २०२२ मध्ये. त्या फाइलीतल्या पोलिसाच्या कागदाची नक्कल मिळाली की स्वप्नील सुटला. अप्पा हसून म्हणाले, पोरानं एक गुन्हा केला म्हणून तरी दुसऱ्यातून वाचेल.

रजिस्टरमध्ये नंबर लगेच सापडला. खटला २०१९ चा, निकाल २०२२ चा. पहिल्या दिवशी सर काय सांगत होते ते आत्ता आठवलं: मुदत निकालाच्या तारखेपासून मोजायची, ती रोजनाम्याच्या शेवटच्या पानावर असते, पाठीवरच्या सालावर जाऊ नका. मी तर पाठीवरचीच सालं बघून गोण्या भरल्या होत्या.

अप्पांना उद्या यायला सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गोण्या सकाळी व्हरांड्यातच होत्या. मी दोनदा जाऊन हात लावून आले. सील तोडायचं म्हणजे सरांची परवानगी, म्हणजे चूक सांगणं, म्हणजे प्रोबेशनच्या दुसऱ्याच आठवड्यात लाल शेरा. आईचे पेढे डोळ्यांपुढे आले. सर दोन वेळा समोरून गेले आणि दोन्ही वेळा मी टाचणीच्या डबीत तोंड घातलं.

गाडी दुपारी आली. आनंदांनी गोण्या खाली नेल्या. दार मीच धरून उभी होते.

मग अप्पांच्या अर्जावर लिहिलं, 'सदर प्रकरण शोध घेता आढळून आले नाही.' खाली सही केली. त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, पोरी, तू एवढं शोधलंस, कोण करतं हल्ली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अप्पा रोज येतात. रेकॉर्ड रूमबाहेरच्या बाकावर बसतात. चुकून दुसऱ्या गठ्ठ्यात गेली असेल, सापडेल, म्हणतात. आज त्यांनी मला खोबऱ्याची वडी दिली, डब्यातली. मी ती खाल्ली. का खाल्ली कोण जाणे, नाही म्हणता आलं नाही. ते समोर बसून बघत होते, गोड बरोबर झालंय ना म्हणून.

सगळं सांगून टाकावं असं वाटतं. पण आता सांगून फाइल थोडीच परत येणार? उगाच दोघांचं नुकसान. ही माझी समजूत मी दिवसभर स्वतःला घालत असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वप्नीलला शिक्षा झाली. तुरुंगात नेलं.

अप्पा ते सांगायला आले. मलाच सांगायला आले! सांगून बाकावर बसले. आनंदांनी पाणी आणून दिलं, ते प्यायले. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलो होतो तेव्हा बाहेर बसल्या बसल्याच गेले. मान किंचित दाराकडे वळलेली होती.

मी रडले. सगळ्यांना वाटलं, किती हळवी मुलगी आहे. हितेंद्र सरांनी स्वतः चहा आणून दिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंनी अपील केलंय आणि आमच्याकडे लेखी विचारणा केलीय. रजिस्टरप्रमाणे निकाल २०२२ चा, मग फाइल गेली कुठे? सरांनी मला आणि आनंदांना समोर उभं केलं.

मी म्हटलं, गोण्या आनंदांनी भरल्या. त्यांनी न विचारता एखादा जास्तीचा गठ्ठा घातला असेल.

कसं तोंडातून बाहेर पडलं मला कळलं नाही. नाही, खोटं कशाला लिहू, चांगलं कळलं. ओठांवर यायच्या आधी मी ते वाक्य मनात जुळवून बघितलं होतं. आनंदा माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षं दुसऱ्यांची नावं खणखणीत पुकारणारा माणूस स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा शिपाई सोमवारी येणार. तोवर पुकारा बंद, साहेबांचे कारकूनच आतून नावं घेतात.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. भर दुपार, पॅसेजमध्ये ऊन. मी फाइली लावत होते आणि बाहेर पुकारा झाला. बापाच्या नावासकट, शेवटचं अक्षर लांबवून.

नूपुर सुधाकर देवधर.

माझंच नाव, तीनदा. एकाच सुरात. आनंदांचा आवाज नव्हता, म्हाताऱ्या माणसाचा होता, दम लागलेला. बाहेर जाऊन बघितलं तर बाक रिकामा. वर पंखा चालू नव्हता, तरी बाकावरची धूळ मधोमध पुसल्यासारखी झाली होती.

कुणी चेष्टा केली असेल. आनंदांचे मित्र आहेत इथे, त्यांना माझा राग येणारच.

१ मार्च, शनिवार

संध्याकाळी दिवेलागणीला मी गॅलरीत कपडे काढत होते. जिन्यातून हाक आली. पूर्ण नावाने. काकूंनी झटकन आतून खुणावलं, ओ देऊ नको. आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो. दुसरी हाक आली. काकू बोटं मोडत होत्या, आता थांबेल म्हणत होत्या.

तिसरी आली.

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्या भूतबीत नाय," म्हणाल्या. "ह्या कायतरी सरकारी आसा. तू काय केलंस गो?"

मी म्हटलं, काही नाही.

३ मार्च, सोमवार

फाइल परत आलीय.

कपाटात, तिच्या जागेवर, तोच नंबर. कागद अख्खे आहेत, पण हाताला उभ्या बारीक रेघा लागतात, कापलेल्या पट्ट्या पुन्हा शेजारी शेजारी लावाव्यात तशा. पोलिसाचा कागद आहे, गिरगाव आहे, वेळ आहे. स्वप्नील सुटेल! क्षणभर जीव भांड्यात पडला. मग आरोपीचं नाव वाचलं.

माझं आहे.

रोजनामा पुढे लिहिलेला आहे. हाताने, थरथरत्या अक्षरात. '२८ फेब्रुवारी. आरोपीस तीनदा पुकारले. गैरहजर.' '१ मार्च. आरोपीस राहत्या घरी पुकारले. गैरहजर.' आजचीही नोंद होती. 'आरोपी रेकॉर्ड रूममध्ये आहे. वाचत आहे.'

फाइल ओढणीत गुंडाळून घरी आणली. सरकारी कागद घरी आणणं हाही गुन्हाच.

४ मार्च, मंगळवार

रजा टाकली. फाइल उन्हात धरून बघितली. माझ्या नावाखाली स्वप्नीलचं नाव आहे, पुसटसं, खोडरबराने खोडल्यावर राहतं तसं.

पोटमाळ्यावर एकटीच होते. उगाच पुटपुटले, गोण्या मीच भरल्या होत्या. आणि स्वप्नीलचा 'स्व' काळा झाला. ठळक. माझ्या डोळ्यांदेखत.

आता सगळं स्वच्छ कळलं. मी कबूल केलं की कागदावर त्याचं नाव परत येणार. त्याशिवाय हा कागद त्याच्या काही उपयोगाचा नाही. वकीलबाईंनी शुक्रवारी अपिलाच्या वेळी दाखवायला हवा. सरांपुढे जायचं, खरं ते सांगायचं, एवढंच काम आहे. रोज शंभर लोक करतात आमच्या कोर्टात. तोंडातून एक शब्द काढायचा आणि बाहेर यायचं.

५ मार्च, बुधवार

सरांना पत्र लिहिलं. खरं लिहिलं. जवळजवळ खरं. कामाच्या गडबडीत, असं लिहिलं. शिपाई आनंदा शेलार यांनी वेळीच लक्षात आणून दिले नाही, असंही लिहिलं. एकच वाक्य ते. तेवढ्याने नोकरी वाचली असती —

स्वप्नीलचं नाव गेलं. माझ्या नावाखाली दुसरंच अक्षर उमटतंय. 'आ'.

पत्र फाडलं. 'आ' जात नाही.

दिवसभर पुकारा. जिन्यातून, नळावरून, खाली मिरच्या कुटतात त्या आवाजाच्या मधून. काकू कानावर हात ठेवून बसल्यात. ओ दे नाहीतर जा इथून, म्हणतात.

६ मार्च

आईचा फोन. खुशीत होती. म्हणे कोर्टातून कुणा म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला होता. तीनदा माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं, आहे का. किती अदबीने बोलले, म्हणाली. ती म्हणाली, मुंबईला आहे. पत्ता दिला. खोली नंबरसकट.

आई, काय केलंस.

तिला सांगू शकले नाही. तिला तरी सांगायचं होतं. तिने विचारलं, कामावर खूश आहेत ना तुझ्यावर? मी हो म्हटलं.

कागदावर 'आनं' झालंय.

७ मार्च, सकाळ

आज अपील. आज गेले तरच. केस विंचरले, फाइल पिशवीत घातली. काकू देवळात गेल्यात. मी निघणार होते, खरंच निघणार होते. तेवढ्यात दार वाजलं.

आनंदा आहेत.

बाहेरून बोलतायत, हळू आवाजात. मॅडम, तुमच्यावर राग नाही. सरांकडे चला, काय झालं ते सांगा, मी सोबत उभा राहीन. पोरगा आत आहे, त्याचा बाप गेला. एवढंच म्हणतायत. पुन्हा पुन्हा तेच.

मी कडी काढत नाही. लाज वाटते. त्यांच्या तोंडाकडे कशी बघू? ते गॅलरीत कठड्याला टेकून बसलेत. त्यांची सावली दाराखालून आत येतेय.

जिन्याशी पुकारा झाला. माझं नाव.

त्यांनीही ऐकलं. मग म्हणाले, मॅडम, तुमचा पुकारा झाला. जावं लागतं.

मी श्वास धरून बसलेय. फाइल मांडीवर. लिहीत राहिले की कडीकडे हात जात नाही.

दुसरा. माझंच नाव. गॅलरीत पोचलाय आवाज.

म्हणायचं फक्त. कबूल. एवढाच शब्द — जीभ वळत नाही — आई काय म्हणेल — थोडं थांबू दे, तिसऱ्याला म्हणेन, नक्की म्हणेन —

माझं नाव कागदावरून जातंय. आपोआप. नू गेलं. पु गेलं. किती हलकं वाटलं! देवा, मला हलकं वाटलं —

खालचं नाव काळं होतंय. पूर्ण. बापाच्या नावासकट.

तिसरा पुकारा. माझा नाही.

आनंदा बाळू शेलार.

बाहेर हालचाल. सावली उठली. त्यांना कळत नाहीये का? त्यांना ओ द्यायचीच सवय, आयुष्य कोर्टात गेलंय, पुकारा झाला की हजर व्हायचं एवढंच त्यांना माहीत — दाराच्या फटीतून दिसतंय, कॉलर नीट करतायत, पायातल्या चपला काढल्या, साहेबांपुढे जाताना काढतात तशा —

नको. आनंदा, नको, ओ देऊ नका, ओ दिली की गुन्हा तुमचा.

लिहीत काय बसलीस नूपुर, ऊठ. कडी काढ. ओरड. आरोपी ते नाहीत, ती मी —